तफावत अंक अठ्ठावन्न

अग्नी, चाक आणि 'सांगाती' या तीन शोधांनी मानवजातीचे भवितव्य कायमचे बदलले, आणि त्यांतले पहिले दोन ही केवळ पूर्वतयारी होती.

हे वाक्य 'सांगाती' यंत्राबरोबर आलेल्या चोवीस पानी माहितीपुस्तिकेच्या पहिल्याच पानावर सोनेरी अक्षरांत छापलेले होते. सांगलीच्या विश्रामबागेत राहणाऱ्या कमलिनीबाई कवठेकरांनी ते मोठ्याने वाचले, पुन्हा एकदा वाचले, आणि पुस्तिका उलगडून तिच्यावर मेथी निवडायला घेतली. कागद जाड होता. मातीचा डाग ओट्यावर आला नाही. शोध चांगला असावा, असे त्यांचे मत झाले.

साल २०४१. कमलिनीबाईंचे वय एकोणऐंशी. तरुणपणी त्या सांगलीच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ट्रंक ऑपरेटर होत्या. त्या काळी परगावी बोलायचे तर नंबर नोंदवून दोन-दोन तास वाट पाहावी लागे, आणि मग मधल्या एक बाई दोन वायरी जोडून देत. त्या मधल्या बाई म्हणजे कमलिनीबाई. कानाला लावलेल्या हेडफोनमधून त्यांनी अर्ध्या जिल्ह्याची लग्ने जुळताना ऐकली आणि त्यांतली काही मोडतानाही ऐकली. पण एक शब्द कधी घरी आणला नाही. नवऱ्याने खोदून विचारले तरी "लाईन खराब होती" एवढेच सांगत. ऑपरेटरने ऐकायचे असते, सांगायचे नसते, हा त्यांचा धर्म.

सांगातीचा धर्म नेमका उलटा होता.

यंत्र दिसायला भाकरीएवढे, पांढरेशुभ्र, भिंतीवर बसवलेले. त्यातून अतिशय क्षीण रेडिओलहरी निघत. माणसाच्या छातीवर आपटून त्या परत येत, आणि छाती केसभर वरखाली झाली तरी परतलेल्या लहरींत फरक पडे. त्यावरून श्वास मोजला जाई. फरशीच्या कडेला बसवलेल्या चकत्या पावलांची कंपने टिपत. स्वयंपाकघरातल्या प्रत्येक डब्याखाली कागदासारखा पातळ वजनकाटा होता. आणि या सगळ्यावर एक कान, जो कधी झोपत नसे.

एवढे तर आधीची यंत्रेही करीत. सांगातीमागचा खरा शोध वेगळा होता. स्मृतीचा आजार उघड दिसू लागण्याच्या दोन वर्षे आधीपासून माणूस बोलतो ते आणि असते ते यांच्यात बारीक भेगा पडू लागतात. 'दार लावलं' म्हणतो, दार उघडे असते. 'गोळी घेतली' म्हणतो, गोळी पाकिटात असते. अशी एखाददुसरी भेग आपल्या सर्वांनाच असते. पण दिवसभरातले प्रत्येक विधान उचलून मोजमापांशी ताडून पाहिले आणि आठवड्याची सरासरी काढली, तर डॉक्टरच्याही आधी चाहूल लागते. या सरासरीला 'तफावत अंक' म्हणत. वीसपर्यंत ठीक. चाळीसच्या वर सलग तीन आठवडे राहिला की मूल्यमापक घरी येणार, आणि त्याने तसा शेरा दिला की त्या व्यक्तीने यापुढे एकटे राहायचे नाही. कायदाच होता, आणि चांगला कायदा होता. पुष्कळ म्हातारी माणसे त्याने वेळेवर सावरली होती.

अडचण एकच होती. सांगाती मराठी शिकले होते ते शासकीय परिपत्रके, न्यायालयीन निकाल आणि बातम्या वाचून. त्या मराठीत वाढते ती महागाई, लोकसंख्या आणि अर्ज करण्याची मुदत.

पहिल्याच सोमवारी 'कवठेकर कुटुंब' या ग्रुपवर निरोप येऊ लागले. ग्रुपमध्ये तिघे होते : नागपुरात नोकरी करणारा मुलगा निरंजन, त्याची बायको ऋता, आणि 'निकटची व्यक्ती' या रकान्यात नाव असल्यामुळे शेजारच्या राजमतीवहिनी मगदूम.

"सकाळी ७.४० : सदर महिलेने तांदळाचा डबा उघडून 'अगंबाई, तांदूळ वाढले' असे विधान केले. डब्यात ११ ग्रॅम तांदूळ आहेत."

"सकाळी ९.१५ : सदर महिला राजमती मगदूम यांना 'येते हं' असे म्हणाली व निघून गेली."

"दुपारी १.०५ : सदर महिलेने 'आज काही विशेष केलं नाही, साधंच आहे' असे सांगून पुरणपोळ्या वाढल्या."

"सायंकाळी ६.२० : सदर महिलेने पुत्रास फोनवर 'मी अगदी मजेत' असे सांगितले. सदर महिला उजवा गुडघा दाबून बसलेली आहे."

हा शेवटचा निरोप निरंजनच्या मनगटावर उमटला तेव्हा त्याने आईचा फोन नुकताच ठेवला होता.

रविवारी त्याने पुन्हा फोन केला.

"आई, अठ्ठावन्न आलाय."

"कोणाला?"

"तुला."

"चांगलाय की. दहावीला तुला बीजगणितात बेचाळीस होते, तर आम्ही पेढे वाटले होते."

"आई, हा अंक जास्त असून चालत नाही! चाळीसच्या आत लागतो."

"मग तुझ्या बेचाळीसनंही भागलं नसतं."

"चेष्टा नको. तू 'तांदूळ वाढले' म्हणालीस. तांदूळ नव्हते."

"नव्हते म्हणूनच म्हटलं ना?"

निरंजनला हे कुठेतरी, फार आत, ठाऊक होते. पण पंचवीस वर्षे घराबाहेर काढलेल्या आणि समोर तांबडा आलेख उघडून बसलेल्या माणसाला आत ठाऊक असलेले पटकन सापडत नाही.

"हे बघ, आणखी दोन आठवडे असंच राहिलं तर मूल्यमापक येईल. आमच्या घरापासून दहा मिनिटांवर 'सायंनिवास' आहे. छान आहे गं. सगळं वेळच्या वेळी मिळतं. स्वयंपाक नाही, बाजार नाही, काही म्हणजे काही करावं लागत नाही."

"मग मी तिथं काय करू?"

याचे उत्तर सायंनिवासाच्या माहितीपुस्तिकेत नव्हते.

दुसऱ्या रविवारी अंक एकसष्ट झाला. कमलिनीबाईंनी स्वयंपाकघरात उभे राहून चारी भिंती पाहून घेतल्या. या घरात त्या सदतीस वर्षे राहिल्या होत्या. कोणती खिडकी कोणत्या महिन्यात अडकते हे त्यांना माहीत होते. हे घर सोडून, जिथे खिडक्या अडकत नाहीत कारण त्या उघडतच नाहीत अशा ठिकाणी जायचे, ते 'वाढले' या एका शब्दापायी?

त्यात त्या शब्दाचाही दोष नव्हता. मराठीत पोरे वाढतात, पानात भात वाढतात, देवापुढे नारळ वाढवतात, संध्याकाळी दुकान वाढवतात आणि डब्यातले तांदूळ वाढतात. पैकी पहिले खरोखर वाढते, दुसरे भांड्यात कमी होते, तिसरे फुटते, चौथे बंद होते आणि पाचवे संपते. एवढे सगळे ज्याला कळते तो मराठी माणूस. ज्याला कळत नाही तो भिंतीवर लावलेला असतो.

"ठीक आहे," त्या भिंतीला म्हणाल्या. "तुला जसं लागतं तसं बोलू. तीस वर्षं सरकारी नोकरी केलीय मी."

सोमवारी सकाळी तांदळाचा डबा उघडून, यंत्राकडे तोंड करून, प्रार्थना म्हणावी तशा खणखणीत आवाजात त्यांनी सांगितले, "तांदूळ संपले."

यंत्रावरचा हिरवा दिवा लागला. माणसाच्या तोंडून 'संपले' ऐकल्याखेरीज यंत्राने दुकानाकडे मागणी नोंदवायची नाही असा ग्राहकहिताचा नियम होता. तो आता पुरा झाला. बावीस मिनिटांत दारात तांदूळ आले. कमलिनीबाईंना मात्र सकाळभर कानात काहीतरी अडकल्यासारखे होत राहिले.

मंगळवारी त्या राजमतीवहिनींच्या ओसरीवरून उठल्या.

"बरं राजमती, मी जाते."

राजमतीवहिनींच्या हातातली शेंगांची परडी कलंडली. "अहो काकू! असं काय बोलता? येते म्हणा."

"पण मी येणार नाहीये. घरी जाऊन झोपणार आहे."

बुधवारी वहिनींच्या सुनेची बांगडी दाराच्या कडीला लागून तुटली. चार बायका 'वाढली, वाढली' म्हणत तुकडे वेचायला वाकल्या. पाचव्या कमलिनीबाई. त्या स्पष्ट म्हणाल्या, "फुटली." चारही बायका वाकलेल्याच राहिल्या.

गुरुवारी वहिनींनी वाटीभर आमटी आणून दिली आणि दारातच उभ्या राहिल्या. "कशी झालीय?"

"खारट."

"आँ?"

"खारट आहे."

"बारा वर्षं आमटी देतेय मी काकू. कधी बोलला नाहीत!"

"बारा वर्षं खारटच आहे."

राजमतीवहिनी वाटी न घेता परत गेल्या. वाटी ठेवून जाणे म्हणजे भांडण, हे कोणालाही कळले असते. सांगातीने नोंद केली : "शेजाऱ्यांनी सदर महिलेस भांडे भेट दिले."

रविवारी आठवड्याचा अंक जाहीर झाला. चार. "सदर महिलेची मानसिक स्थिती उत्कृष्ट आहे. अभिनंदन." निरंजनने ऋताला ते मोठ्याने वाचून दाखवले आणि तो खुर्चीत सैलावला. तेवढ्यात फोन वाजला. राजमतीवहिनी होत्या, आणि रडायच्या बेतात होत्या.

"निरंजन, तू ताबडतोब ये बाबा. काकूंचं काहीतरी बिनसलंय."

"काय झालं वहिनी? पडली का?"

"पडल्या असत्या तर परवडलं असतं. अरे, खरं बोलायला लागल्यात!"

यंत्राच्या मते जी आई दोन आठवडे भ्रमिष्ट होती, ती गल्लीच्या मते ठणठणीत होती. आणि यंत्राने ठणठणीत ठरवताच गल्लीने तिला भ्रमिष्ट ठरवले. निकटच्या व्यक्तीची तक्रार आली तर अंक कितीही असो, मूल्यमापक पाठवलाच पाहिजे, असेही कायद्यात होते. वहिनींनी ती नोंदवली आणि मूल्यमापकाची भेट मंगळवारी ठरली. निरंजन सोमवारी संध्याकाळी सांगलीत पोचला.

आईने त्याच्या पानात भरली वांगी वाढली. तो दोन घास खाऊन थांबला.

"आई, उद्याचा एकच दिवस. आठवडाभर बोललीस तसं सरळ बोल. वहिनींना मी समजावतो. तो माणूस एक कागद भरेल आणि जाईल. तू इथंच राहशील."

कमलिनीबाई ताक घुसळत होत्या. मग म्हणाल्या, "निरू, तांदळाला कान नसतात हे मला कळतं. 'संपले' म्हटल्यानं कोणाचं काही वाईट होत नाही, हेही कळतं. मी काही खुळी नाही."

"मग?"

"कान मला आहेत ना. या घरात बोलणारी मी आणि ऐकणारीही मीच. सकाळी उठून रिकाम्या डब्यापुढं उभं राहायचं आणि आपल्याच तोंडून 'संपलं' ऐकायचं. रोज काही ना काही संपत असतंच या वयात." त्यांनी रवी झटकली. "आठवडाभर सरळ बोलले. घरात कोणी परकी बाई राहायला आल्यासारखं वाटलं. वळणाची नव्हती ती."

"म्हणजे उद्या तू...?"

"उद्याचं उद्या. वांगी कशी झालीत?"

"मस्त."

भिंतीवरचा दिवा पिवळा झाला. निरंजनने दुसरे वांगे घेतले नव्हते.

मूल्यमापक लोखंडे सकाळी साडेदहाला आले. पस्तिशीचे, दंडाने दणकट, चेहऱ्याने थकलेले. आठवड्याला वीस घरे पाहत. राजमतीवहिनी आधीच येऊन बसल्या होत्या. भांडण होते, म्हणून दाराजवळच्या खुर्चीवर.

"लोखंडेसाहेब, पोहे घेणार ना?" कमलिनीबाईंनी विचारले.

"नको नको आजी, आत्ताच खाऊन आलो."

निरंजन, वहिनी आणि लोखंडे, तिघांचेही फोन एकदम वाजले. "अभ्यागताने 'आत्ताच खाऊन आलो' असे विधान केले. अभ्यागताचे पोट वाजत आहे."

लोखंडे लाल झाले. "हे तुमच्या कुटुंबाच्या ग्रुपवर मला कशाला...?"

"मूल्यमापनाच्या दिवशी तुम्हीही कुटुंबातच," निरंजन म्हणाला. "नियम आहे."

लोखंड्यांनी घाईने फॉर्म उघडला. आज वार कोणता, शंभरातून सात वजा, या खोलीतल्या पाच वस्तू. कमलिनीबाईंनी वार सांगितला, वजाबाकी उणे पाचपर्यंत नेली आणि वस्तू सांगताना लोखंड्यांच्या शर्टाचे तुटलेले बटणही त्यांत धरले. तेरा प्रश्न झाले. राहिला चौदावा : 'व्यक्ती वस्तुस्थितीस धरून बोलते काय? होय / नाही.'

"यालाच जास्त गुण असतात," लोखंडे म्हणाले. "मी जरा वेळ बसतो. तुम्ही रोजच्यासारखं वावरा आणि बोला."

"मग चहा टाकते."

त्या आत गेल्या. आधण ठेवल्याचा आवाज आला, डबा उघडल्याचा आला, आणि मग काहीच आले नाही. बाहेर तिघांनीही माना वळवल्या. कमलिनीबाई दारात येऊन उभ्या राहिल्या. हातात साखरेचा डबा होता. त्यांनी एकदा भिंतीकडे पाहिले; हिरवा दिवा शांतपणे जळत होता. एक शब्द, तोही या यंत्राला आवडणारा, म्हटला की घर त्यांचे होते.

"निरू," त्या म्हणाल्या, "साखर वाढलीय रे."

राजमतीवहिनींनी श्वास सोडला, आणि तो इतका मोठा होता की त्याचीही नोंद झाली. दिवा तांबडा झाला. लोखंड्यांचे बोट 'नाही'च्या चौकोनाकडे सरकले.

आणि निरंजन उठला. मांडीवरची फाईल त्याने खुर्चीवर ठेवली, दारामागच्या खिळ्याची पिशवी काढली, चपलेत पाय सरकवले, "आलोच" म्हणाला आणि गेला.

फोन वाजले.

"सदर महिलेने साखर वाढल्याचे सांगितले. डब्यात साखर शून्य ग्रॅम. सदर पुत्र हे ऐकून साखर आणण्यास गेला. जाताना 'आलोच' असे म्हणाला. तफावत : दोघांचीही. सदर पुत्रास एकटे ठेवू नये."

लोखंड्यांनी निरोप वाचला. पुन्हा वाचला. मग उघड्या दाराकडे पाहिले.

"साखर आणायची हे त्यांना कसं कळलं?"

"म्हणजे? मी सांगितलं की," कमलिनीबाई म्हणाल्या.

"आणि आमची लाईन बरोबर जोडली गेली," असे म्हणून त्या आत आधण कमी करायला गेल्या.

लोखंडे बोट तसेच अधांतरी धरून बसले. "माझी आई इचलकरंजीला असते," काही वेळाने ते म्हणाले. कोणाला, ते त्यांनाही माहीत नसावे. "कापडाचं छोटं दुकान आहे. रोज संध्याकाळी फोन करते, 'आत्ताच दुकान वाढवलं' म्हणून. त्रेपन्न अंक आलाय तिचा. पुढच्या आठवड्यात तिच्याकडं माझाच एक सहकारी जाणार आहे."

"आणि तुम्ही तिला काय म्हणालात?" राजमतीवहिनींनी विचारले.

"सायंनिवास छान असतं म्हणालो."

वहिनींनी खुर्ची दारापासून थोडी आत ओढली. "हे बघा साहेब, तक्रार माझीच होती. ती मी मागं घेते. काकू आता नीट खोटं बोलल्या. शुद्धीवर आहेत."

निरंजन साखर घेऊन परतला तेव्हा लोखंडे कागदावर भराभर आकृत्या काढत होते. यंत्र विधान उचलते आणि वस्तुस्थितीशी ताडते. चूक तिथेच आहे. विधान ताडायला हवे ते ऐकणाऱ्याच्या कृतीशी. 'वाढली' ऐकून माणूस पिशवी उचलत असेल तर निरोप पोचला. तफावत शून्य.

"आणि घरात ऐकायला कोणी नसलं तर?" निरंजनने विचारले.

"तर बोलणारा स्वतः पुढं काय करतो ते पाहायचं. आजी, तुम्ही एकट्याच 'तांदूळ वाढले' म्हणता, त्यानंतर काय करता?"

"पिशवी घेते."

"झालं!" लोखंड्यांनी टेबलावर थाप मारली. चौदाव्या प्रश्नापुढे त्यांनी 'होय'वर खूण केली, आणि शेरा लिहिला : 'बोलते ते ऐकणाऱ्यास कळते. एकटी राहण्यास योग्य.' सही केली, तारीख घातली. निरंजनने तो कागद हातात घेऊन दोनदा वाचला आणि घडी घालून आईच्या हातात दिला. मग त्याने साखर डब्यात ओतली.

चहा झाला. आत्ताच खाऊन आलेल्या लोखंड्यांनी दोन बशा पोहे संपवले, म्हणजे वाढवले. त्यांचा थकवा कुठल्या कुठे गेला होता.

"आजी, ही दुरुस्ती आजच मुख्यालयाला कळवतो. राज्यभर दहा लाख घरांत सांगाती आहे. दहा लाख यंत्रं तुमच्यामुळं नव्यानं मराठी शिकतील! त्यांना पहिला धडा तुमच्याच आवाजात द्यावा असं मी सुचवणार आहे. मी आत्ताच ध्वनिमुद्रण चालू करतो. सगळ्या महाराष्ट्राला, पुढच्या पिढ्यांना जे सांगावंसं वाटेल ते मोकळेपणानं सांगा. काय लागेल तेवढा वेळ घ्या."

त्यांनी फोन पुढे धरला. राजमतीवहिनींनी पदर सावरला. निरंजन सरळ उभा राहिला. भिंतीवरचा दिवासुद्धा लुकलुकायचा थांबला.

कमलिनीबाईंनी घसा खाकरला, क्षणभर लोखंड्यांच्या मनगटांकडे निरखून पाहिले, आणि कपाटातून एक बरणी काढून त्यांच्यापुढे ठेवली.

"ते महाराष्ट्राचं नंतर बघू. तुम्ही तेवढं हे लोणच्याचं झाकण उघडून द्या."